केळीच्या पानावरचा डोंगर

लोटन,

तू गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी रडलो. ओट्यावर बसून, गल्लीतल्या लोकांची लाज न बाळगता रडलो. दुसऱ्या दिवशी पेपर आला आणि रडं थांबलं. पहिल्या पानावर तुझा फोटो होता, चांगला चार कॉलमी. मागे नंदादेवी, पुढे तू, डोक्यावर ती भोकं पडलेली माकडटोपी, आणि वर ठळक अक्षरांत 'हिमशिखरांचा चित्रकार हरपला'. मी आधी फोटोची रुंदी बोटांनी मोजली, मग बातमी वाचली. माझं बरंवाईट झालं की आतल्या पानावर पासपोर्टएवढा फोटो येईल आणि खाली 'सेवानिवृत्त कलाशिक्षक, जामनेर'. तोही कुणी वेळेत नेऊन दिला तर.

असं लिहू नये, असं आमची कमल म्हणते. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहावेत. पण ते लिहायला बाकीचे आहेत रे. धुळ्यातल्या शोकसभेत नऊ जण बोलले. त्यातल्या एकानं तर तू एव्हरेस्ट चढून आलास असंच ठोकून दिलं आणि लोकांनी हळहळून माना हलवल्या. तू आयुष्यात एकही शिखर चढला नाहीस. पायथ्याशी मांडी घालून बसायचास आणि वर बघायचास, बस. मलाही बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय म्हणून मी हात जोडले. कारणं सांगण्यात मी पहिल्यापासून पटाईत. ते तुला माहीत होतं की नव्हतं, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आपण धुळ्याला ड्रॉइंग टीचरच्या कोर्सला होतो तेव्हा मी पुढे होतो. हे आता कुणालाच आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो. तू शिरपूरकडचा, तोंडात बठ्ठी, म्हणजे सगळी, अहिराणी. मी रावेरचा, बापाची केळीची बाग, बोलायची तऱ्हा तिसरीच. पहिल्याच दिवशी तू माझी नक्कल केलीस आणि मी तुझी, आणि दुपारी एकाच डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाल्ली. पण आकाश भरावं तर पितांबरनं, असं सर सगळ्या वर्गासमोर म्हणायचे. पितांबर म्हणजे मी. तू तेव्हा माझ्या कागदाकडे बघून नुसता सुस्कारा सोडायचास. तो सुस्कारा अजून माझ्या कानात आहे. आयुष्यात एवढंच एक ऐश्वर्य भोगलं मी.

रविवारी सायकली काढून आपण लळिंगला जायचो. हायवेच्या कडेचा तो उघडाबोडका किल्ल्याचा डोंगर, खाली जुने घुमट, आणि सावली म्हणावी तर एका लिंबाची. मे महिन्यात तिथं जलरंगात आकाश भरणं म्हणजे तव्यावर पाणी शिंपडणं. रंग भरपूर पाण्यात कालवून एका दमात डावीकडून उजवीकडे न्यायचा, तरच आकाश आकाशासारखं दिसतं. आपला ब्रश उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचं वाळून खडखडीत. मध्ये सुरीनं कापल्यासारख्या रेघा. तू वैतागून कागद चुरगाळायचास आणि लळिंगला शिव्या द्यायचास, जणू त्यानंच फुंकर मारली होती.

एका रविवारी मी घरून केळीचं पान गुंडाळून आणलं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की केळीचं पान पाण्याचा थेंब पीत नाही. मी ते पान फळीवर अंथरलं, कागद मागून-पुढून भिजवला आणि पानावर चिकटवला. खालून पाणी जायला वाटच नाही. वर ऊन पेटलेलं आणि माझा कागद अर्धा तास ओला. त्या दिवशी मी आकाश असं भरलं की मलाच माझी भीती वाटली. पान अंथरताना तू मात्र खो खो हसत होतास.

"काय रे पितू, जेवाले बठना का?"

थोड्या वेळानं हसू थांबलं. तू उठून माझ्यामागं येऊन उभा राहिलास. मग म्हणालास, "भो, हाई पानी तुन्हं शे." पाणी माझं आहे, हे तूच म्हणालास. साक्षीला लिंबाचं झाड होतं.

त्या संध्याकाळी आपण कागद बदलले. ती चाल तुझीच. बाहेर काढलेलं चित्र स्वतःच्या घरी न्यायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचं. स्वतःचं चित्र घरी नेलं की माणूस रात्रभर त्याला कुरवाळत बसतो आणि शेफारतो, असं तुझं म्हणणं. कागदावर सही करायची नाही आणि दिलेला कागद परत मागायचा नाही. ज्याच्या घरी तो त्याचा. दोन वर्षं आपण हे पाळलं. माझ्या ट्रंकेत तुझे कागद, तुझ्या घरी माझे. मी त्या दिवशीचं लळिंग तुला दिलं आणि माझा चेहरा तुला दिसू नये म्हणून सायकलची चेन बघत बसलो.

तुझा त्या दिवशीचा कागद मी घरी आणून पाहिला. आकाशात रेघाच रेघा. मला बरं वाटलं. मग नजर खाली गेली. तुझा डोंगर बसला होता. माझं आकाश छान तरंगायचं, पण खरं सांगायचं तर माझा डोंगरही तरंगायचा. तुझा डोंगर गोठ्यातल्या म्हशीसारखा जमिनीवर बसला होता, शेपटी पिरगाळली तरी न उठणारा. मी तो कागद ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि परत काढला नाही.

मग ती हिमालयाची टूम निघाली. मला जामनेरच्या शाळेत नोकरी लागली होती, तू अजून मोकळाच होतास. मे महिन्याच्या सुट्टीत मुनस्यारीला जायचं, पंचचुलीची पाच शिखरं समोर ठेवून पंधरा दिवस बसायचं, रोज संध्याकाळी कागद बदलायचे. रिझर्वेशन मी केलं. स्वेटर मेहुण्याचा, कमलच्या भावाचा, उसना आणला. आणि ठरलेल्या दिवशी भुसावळ स्टेशनवर मी आलो तो सामान न घेता, फक्त केळीच्या पानांची एक मोठी गुंडाळी घेऊन. ओल्या फडक्यात बांधलेली.

"मला ताप आहे," मी म्हणालो.

तू माझ्या कपाळाला हात लावलास. भुसावळला मे महिन्यात दुपारी कुणाच्याही कपाळाला हात लावला तरी ताप लागतो. तुझा चेहरा एवढासा झाला. "तुले ते खरंच ताप शे रे," म्हणालास. "मी बी नही जात मंग." मी तुला जवळजवळ ढकलत डब्यात चढवलं. खिडकीतून पानांची गुंडाळी दिली आणि वर शहाणपणा शिकवला की तिकडे उंचावर हवा फार कोरडी असते, कागद दोन्हीकडून भिजव, पाणी सढळ हातानं घे, पान विसरू नकोस. मी सातपुड्याच्या पलीकडे तोवर पाऊल टाकलं नव्हतं. पण सांगणारा मी असावा आणि ऐकणारा तू, एवढं मला हवं होतं.

लोटन, मला ताप नव्हता.

पंचेचाळीस वर्षं हे एक वाक्य तोंडात घोळवतोय. कधी चहाच्या घोटाबरोबर गिळलं, कधी पानाबरोबर. लळिंगसमोर मी तुझ्यापेक्षा बरा होतो. पण त्या पाच शिखरांसमोर शेजारी शेजारी बसलो असतो आणि संध्याकाळी कागद बदलले असते, तर कोण किती पाण्यात आहे ते कळलं असतं. तुझा डोंगर बसायला लागलाय हे फक्त मी पाहिलं होतं, तुला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. मी पुढे असतानाच खेळ थांबवला. भित्रा होतो आणि जळतही होतो, आणि तेव्हा तर तू कुणीच नव्हतास!

दहा दिवसांनी तुझं पोस्टकार्ड आलं. 'पितू, तुझ्या पानांनी घात केला. इथे धुकं, गारठा, वर रोज दुपारी पाऊस. कागद तीन दिवस झाले वाळत नाही. पाचही चुली विझल्या, नुसता धूर राहिलाय.' मी ते कार्ड स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं आणि सगळे हसलो. हिमालयात केळीचं पान नेणारा माणूस खानदेशाबाहेर सापडायचा नाही, असं आमचे हेडमास्तर म्हणाले. ते पान त्याच्या हातात देणारा मी समोरच बसलो होतो.

आणि मग त्याच न वाळलेल्या कागदांनी तुझं सोनं केलं. मुंबईतल्या एका जाणत्या माणसानं ते पाहिले. शिखरं अशी विरघळताना आजवर कुणी दाखवली नव्हती म्हणे. दगड आणि धुकं यांच्यातली सीमारेषाच पुसून टाकली म्हणे. पुसली कसली, ती वाळलीच नव्हती! पुढे नंदादेवी आली, शिवलिंग आलं, कांचनजंगा आली. पान सुटलं, पण हाताला लागलेली पाण्याची सढळ सवय सुटली नाही. दर मे महिन्यात तू वर आणि मी जामनेरला आमरसाच्या पंगतीत. तुझ्या मुलाखतीचं कात्रण कुणीतरी शाळेत आणायचंच. 'पर्वतानं मला विरघळायला शिकवलं,' असं तू एकदा म्हणालास. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पर्वतानं? मी काय मेलो होतो?

परत आलास की तुझा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "काय रे, ताप उतरना का?" दर वर्षी. मी दर वर्षी हसायचो आणि दर वर्षी विषय बदलायचो. ती थट्टा होती की तुला सगळं कळलं होतं? विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर सांगावंही लागलं असतं.

भांडण मात्र मी दुसऱ्याच गोष्टीवरून काढायचो. एकदा तरी चारचौघांत सांग की ते पाणी कुठून आलं. तू म्हणायचास, सांगतो रे, पण केळीचं पान म्हटल्यावर लोक हसतील. मी म्हणायचो, हसू देत. आणि तू सांगितलंस! जळगावच्या त्या भरल्या सभागृहात, मी तिसऱ्या रांगेत बसलेला असताना, तू माईकवर माझं नाव घेतलंस. रावेरच्या केळीच्या पानापासून पोस्टकार्डापर्यंत सगळं सांगितलंस, एक अक्षर न बदलता. लोक हसून हसून लोटपोट झाले. मग टाळ्या. एवढा मोठा माणूस, पण विनोदबुद्धी बघा, नम्रता बघा, असं माझ्या शेजारचा मला कोपरानं ढोसून म्हणाला. मी उभा राहिलो असतो तर तोही त्या गमतीचाच भाग झाला असता. म्हणून बसून राहिलो. परतताना तू गाडीत खूश होतास. "सांगं ना मी? बठ्ठं सांगं." आता तुला दोष देऊ तरी कसला? माझं होतं तेवढं तू मला चारचौघांत परत दिलंस, आणि टाळ्या तरीही तुलाच पडल्या. त्या दिवसापासून माझ्याकडे भांडायलाही काही उरलं नाही. यासाठी मी तुला सर्वांत जास्त बोल लावला आहे, मनातल्या मनात.

तुझ्या पायाचं ते नख आठवतं? बर्फात काळं पडून गळालं ते. तू मोजे काढलेस की मी त्या बोटाकडे बघायचो. मला त्या बोटाचाही हेवा वाटायचा. माझ्या अंगावर काय खूण? खडूच्या धुळीनं लागलेला खोकला, आणि तो तर गणिताच्या मास्तरांनाही होता.

पण जळगावला माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तू धुळ्याहून एसटीनं आलास. डोळ्यावर पट्टी, मी आडवा, आणि तू शेजारी बसून मोसंबी सोलत मला कांचनजंगा सांगितलीस. सकाळी पहिल्यांदा वरचं टोक कसं केळफुलाच्या आतल्या पाकळीसारखं होतं, मग ते रंग कसे खाली उतरतात, सावलीत कुठला निळा, त्यात जांभळा किती. केळफूल तू माझ्यासाठी घातलंस, ते मला कळलं. दीड तास बोलत होतास. पोराला गोष्ट सांगावी तसं. मी एकेक फोड तोंडात टाकत होतो आणि पट्टीखालचा डोळा भरून येत होता, ज्याला डॉक्टरांनी रडायची बंदी केली होती. तितकं स्पष्ट चित्र मी आयुष्यात पाहिलं नाही. आणि तरी, ऐकता ऐकता, मनात हेच की, हा बघून आला, मी नाही. हे असं आहे बघ माझं. तुझ्या हातची मोसंबी खातानाही तोंड आंबट.

आता परवाची गोष्ट सांगतो. त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

सुतक फिटून तुझी गंधमुक्ती झाली आणि त्यानंतर पाचव्या दिवशी वहिनींचा फोन. मुंबईत तुझ्या सगळ्या चित्रांचं मोठं प्रदर्शन करायचंय, निवड करायला अदिती नावाची मुलगी आलीय, जुन्या चित्रांतलं काय कधीचं ते मला सांगता येत नाही, भाऊजी तुम्ही या. मी सकाळची एसटी धरली. पांझरेच्या पुलावरून देवपुरात शिरताना सवयीनं तुझ्यासाठी पावशेर शेव घेतली. मग पुडी हातात घेऊन घरात कसं शिरावं ते कळेना.

मुलगी चांगली आहे. कामसू. तिनं तुझी सगळी भाषणं ऐकली आहेत, जळगावचंही, आणि त्यातली पानाची गोष्ट तिला नुसती गंमत वाटली होती. तुझी पंचचुली तिला पाठ आहे. दुपारपर्यंत आम्ही चित्रं लावली. मी साल सांगायचो, ती लिहायची. मग पाणी प्यायला म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि परत आलीच नाही. मी बघायला गेलो. वहिनींच्या शिलाई मशीनच्या वर भिंतीला एक चित्र टांगलेलं. ती त्याच्यासमोर उभी.

लळिंग. माझं लळिंग.

सत्तेचाळीस वर्षांनी बघत होतो रे. तुझ्या घरी शंभरदा आलो, जेवलो, पण आतल्या खोलीत कधी कशाला जाऊ? मला वाटलं होतं, माझे कागद तू रद्दीत घातले असशील, नाहीतर घर बदलताना हरवले असतील.

"सर, इकडे या," अदिती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे बघा. आम्हाला वाटायचं सरांना हे पाणी हिमालयात सापडलं. पण इथंच आहे सगळं. पुढची सगळी शिखरं या एका आकाशातून निघालीत. माझ्या दृष्टीनं हे त्यांचं सर्वांत महत्त्वाचं चित्र आहे. हे मी दारातच लावणार, पहिलं."

माझे कान तापले. आयुष्यभर जे मी तुला ओरडून सांगत होतो, तेच ती मुलगी शांतपणे सांगत होती. अक्षर न् अक्षर खरं. फक्त एका शब्दाची चूक.

तिनं चित्र भिंतीवरून उतरवलं, फ्रेमची मागची पाठ काढली. कागदाच्या मागं केळीच्या पानाच्या शिरा उमटलेल्या, एकाशेजारी एक सरळ रेघा, आणि कडेला देठाच्या चिकाचा तो काळपट डाग.

"हे काय आहे?"

"केळीचा डाग," मी म्हणालो. "जात नाही. कपड्याचा जात नाही, कागदाचा काय जाणार."

"म्हणजे ती केळीच्या पानाची गोष्ट खरी होती?"

"खरी होती."

"तुम्ही होतात त्या दिवशी बरोबर?"

"होतो."

"हे काढताना काय म्हणाले होते सर?"

दारात वहिनी उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. माझ्याकडेच बघत होत्या. मी एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. पण तो शब्द बोललो की काय होणार तेही मला दिसत होतं. मुलगी दचकणार, माफी मागणार, चित्र बाजूला ठेवणार आणि पुढच्या चित्राकडे वळणार. मुंबईच्या त्या दारात दुसरं काहीतरी लागणार. आणि माझं लळिंग वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीच्या फळीवरून जामनेरला येणार. खरं सांगितलं तर चित्र माझं, पण ते बघणार कमल आणि पाहुणे. गप्प बसलो तर सगळी मुंबई बघणार, पण ते तुझं. सांग, तू काय केलं असतंस?

"तहान लागली म्हणाले," मी अदितीला सांगितलं. तिनं तेही लिहून घेतलं.

मोठेपणा नव्हता तो. मला मोठा म्हणू नकोस. मला ते दारात लागलेलं हवं होतं, कसंही करून, कुणाच्याही नावानं. नियमाचा आधार सापडला, एवढंच. दिलेला कागद परत मागायचा नाही.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. "मला वाटलं तुम्ही बोलाल," म्हणाल्या. मग मी लाज सोडून विचारलंच. म्हटलं, वहिनी, लोटननं हे मुद्दाम सांभाळून ठेवलं होतं का? रोज बघायचा का? काही म्हणायचा का? सत्तरीला टेकलेला माणूस, पण फाटकाची कडी धरून निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा उभा होतो. वहिनी सरळ बाई. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्या भिंतीला ओल येते. शेजारच्यांची टाकी पाझरते. डाग झाकायला काहीतरी द्या म्हटलं, तर म्हणे, 'पितूनं लाव', तुमचं म्हणजे, 'त्याले पानीनी सवय शे.'"

मी पुलापर्यंत हसत गेलो, लोटन. पुलावर रडलो. शेवेची पुडी तशीच पिशवीत राहिली होती, ती एसटीत एकट्यानं खाल्ली.

काल दुपारी ट्रंक उघडली. तळाशी तुझा कागद होता, त्याच दिवशीचा. बाहेर आणून खिडकीपाशी धरला. आकाशात रेघा तशाच, हसू येईल अशा. आणि डोंगर अजून बसलेला. जराही हललेला नाही. मी त्या संध्याकाळी चुकून बघितलं नव्हतं, बरोबरच बघितलं होतं. मग विचार केला, तू मुंबईला माझ्या आकाशाचा मालक होणार, तर नियम दोघांना सारखा. ज्याच्या घरी तो त्याचा. टाक घेतला, शाई घेतली आणि उजव्या कोपऱ्यात, तुझ्या डोंगराच्या पायथ्याशी, माझी सही केली. पूर्ण नाव, पल्लेदार. फिट्टंफाट.

शाई वाळायला कागद टेबलावर ठेवला. कमल पापड वाळत घालून आत आली. इतक्या वर्षांच्या संसारात हिनं माझ्या चित्रांना 'छान' याशिवाय शब्द दिलेला नाही, तोही भाजी निवडता निवडता. टेबलापाशी थबकली. चष्मा वर केला, खाली केला. पदराला हात पुसून कागद उचलला.

"हे कुठलं?"

"लळिंग. जुनं आहे."

"तुमचं?"

मी सहीवर बोट ठेवलं. तिनं वाकून सही वाचली, मग पुन्हा वर बघितलं. 

"डोंगर बघा कसा ठाण मांडून बसलाय," ती म्हणाली. "हात लावला तर गरम लागेल." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी खरोखरचं नवल वाटून तिनं विचारलं, "मग पुन्हा कधी असं का नाही हो काढलंत?"

मी म्हणालो, "ताप होता."